कंपवात, घर आणि परिसर : पार्किन्सन रुग्णांच्या स्वमदत गटांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :

वैद्यकाचा इतिहास बहुधा शोधांच्या क्रमाने लिहिला जातो. पार्किन्सनच्या आजाराबाबतही १८१७ चा मूळ निबंध, मेंदूतील डोपामिनच्या उणिवेचा शोध, लेव्होडोपा हे औषध आणि त्यानंतरची मेंदूची शस्त्रक्रिया असा क्रम सांगण्याचा प्रघात आहे. या क्रमात रुग्णाचे घर, त्याची गल्ली, त्याच्या सदऱ्याची बटणे लावून देणारी व्यक्ती यांना स्थान मिळत नाही. वास्तविक हा आजार वीस-वीस वर्षे सोबत राहणारा आहे. रुग्ण डॉक्टरांसमोर वर्षाकाठी काही तास असतो; उरलेला सर्व काळ तो घरी असतो. हा उरलेला काळ कोणी सांभाळला, या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

रस्त्यावर दिसलेले रुग्ण :

जेम्स पार्किन्सन (जन्म ११ एप्रिल १७५५) हे लंडनच्या हॉक्स्टन भागात व्यवसाय करणारे वैद्य होते. ‘अॅन एसे ऑन द शेकिंग पाल्सी’ या १८१७ मधील निबंधात त्यांनी सहा व्यक्तींचे वर्णन केले. त्यांपैकी काहींना त्यांनी केवळ रस्त्यात पाहिले होते. ही बाब पुष्कळदा त्या निबंधाची मर्यादा म्हणून नोंदविली जाते. तथापि तिची दुसरी बाजूही आहे. पुढे झुकलेली चाल, लहान पावलांची घाई, थरथरणारा हात ही लक्षणे रुग्णालयाच्या खाटेवर नव्हे, तर वस्तीतल्या वावरात नजरेस आली. आजाराचे पहिले दर्शनच स्थानिक होते. पुढे फ्रेंच चेतातज्ज्ञ शार्को यांनी या विकाराला पार्किन्सन यांचे नाव रूढ केले आणि रुग्ण पॅरिसच्या रुग्णालयात अभ्यासाचा विषय झाला.

औषधाने निर्माण केलेली गरज :

१९६० साली व्हिएन्ना येथे एरिंगर व हॉर्निकीविच यांनी मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामिन अत्यंत कमी असल्याचे दाखवून दिले. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोटझियास यांनी डोपाची मात्रा तोंडावाटे हळूहळू वाढवीत नेऊन विलक्षण परिणाम मिळविला. येथे एक भारतीय धागा नोंदविण्याजोगा आहे. खाजकुइलीच्या बियांतून हेच लेव्होडोपा द्रव्य दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ सालीच मद्रास येथे वेगळे केले होते. त्याचा या आजाराशी असलेला संबंध मात्र त्या वेळी कोणालाच ठाऊक असणे शक्य नव्हते.

अंथरुणाला खिळलेले रुग्ण उठून चालू लागले. काही वर्षांतच औषधाचा दुसरा चेहरा दिसला. मात्रेचा प्रभाव वेळेआधी ओसरू लागला. रुग्ण सकाळी चालता, दुपारी जखडलेला आणि संध्याकाळी अनैच्छिक हालचालींनी बेजार असा होऊ लागला. आयुष्य वाढले, परंतु ते घड्याळाला बांधले गेले. गोळी जेवणाच्या आधी घ्यावी की नंतर, प्रथिनयुक्त आहाराने तिचा गुण का कमी होतो, घराबाहेर असताना पाय जागीच रुतले तर काय करावे, हे प्रश्न प्रयोगशाळेतून सुटणारे नव्हते. औषधाच्या यशानेच सोबतीची गरज वाढविली, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

निधीकडून सोबतीकडे :

अमेरिकेतील पहिल्या संस्था या औषधाच्याही आधीच्या आहेत. १९५७ साली न्यूयॉर्क व मायामी येथे दोन स्वतंत्र प्रतिष्ठाने उभी राहिली. मायामीच्या संस्थेच्या संस्थापक जीन लेव्ही यांच्या पतींना हा आजार होता. न्यूयॉर्कच्या संस्थेमागे विल्यम ब्लॅक हे कॉफी-उद्योजक होते. संशोधनासाठी पैसा उभा करणे हा त्या काळच्या प्रयत्नांचा एक मोठा भाग होता.

ब्रिटनमधील आरंभ वेगळ्या जातीचा होता. १९६९ च्या फेब्रुवारीत मॅली जेंकिन्स यांनी ‘पार्किन्सन्स डिसीज सोसायटी’ स्थापन केली. त्यांच्या बहिणीला, सारा यांना, पार्किन्सन होता. बहिणीची देखभाल करताना माहिती देणारे कोणीच नाही, हा अनुभव संस्थेच्या मुळाशी होता. पुढे देशभर शाखा निघाल्या आणि गावोगावचे रुग्ण व त्यांचे कुटुंबीय एकमेकांना भेटू लागले. २०१० मध्ये या संस्थेने ‘पार्किन्सन्स यूके’ हे नाव घेतले. तिच्या इतिहासातील सर्वांत फलदायी घटना कदाचित १९८९ ची असेल. त्या वर्षी कॉर्नवॉलमध्ये पार्किन्सनसाठी खास प्रशिक्षित परिचारिकेची पहिली नेमणूक झाली. तज्ज्ञ डॉक्टर आणि घर यांच्यामधली रिकामी जागा भरून काढणारे हे पद होते. २००६ मध्ये याच संस्थेने, रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाला गोळी त्याच्या ठरलेल्या वेळीच मिळावी, यासाठी मोहीम काढली. रुग्णालयाच्या औषधवाटपाचे वेळापत्रक आणि या रुग्णाचे घड्याळ जुळत नाही, हे घरी राहणाऱ्यांनाच प्रथम कळले होते.

१९९७ साली युरोपीय संघटनेने ११ एप्रिल रोजी रुग्णांच्या हक्कांची सनद जाहीर केली. अचूक निदान, या आजारात विशेष रस असलेला डॉक्टर, साहाय्यसेवा, अखंड देखभाल आणि उपचाराच्या निर्णयात सहभाग हे पाच हक्क तीत आहेत. त्यांपैकी तिसरा हक्क परिसराशिवाय पूर्ण होऊच शकत नाही.

महाराष्ट्रातील वाटचाल :

मुंबईत या आजाराची मोजणी प्रथम एका विशिष्ट समाजात झाली. डॉ. नदिर भरुचा व सहकाऱ्यांनी पारशी वसाहतींतील सुमारे १४,००० रहिवाशांची पाहणी करून १९८८ साली दर लाखामागे ३२८ रुग्ण असे प्रमाण मांडले. या समाजात वृद्धांची संख्या अधिक असल्याने हा आकडा मोठा दिसतो, हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे. तरीही वसाहतीत घरोघर जाऊन रुग्ण शोधण्याची ही पद्धत महत्त्वाची ठरते, कारण दवाखान्यात कधी न आलेले रुग्णही त्यामुळे नोंदले जातात.

२००१ मध्ये डॉ. भीमसेन सिंघल यांच्या पुढाकाराने मुंबईत ‘पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी’ स्थापन झाली. रुग्णाने तज्ज्ञाकडे जाण्याऐवजी व्यायाम, वाचा-उपचार व समुपदेशन रुग्णाच्या उपनगरापर्यंत न्यावे, ही तिची दिशा होती. लोकलच्या गर्दीत चढणे ज्याला अशक्य झाले आहे, त्याच्यासाठी केंद्र आपल्या भागात असणे हीच उपचाराची पहिली अट असते.

पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळाची घडण निराळी आहे. त्याचे काम मुख्यतः रुग्ण आणि त्यांचे कुटुंबीय यांनीच उभे केले. मासिक सभा, नव्या सदस्याच्या घरी भेट, वार्षिक सहल, जागतिक पार्किन्सन दिनाचा मेळावा असे त्याचे स्वरूप राहिले. ‘रुग्ण’ ऐवजी ‘शुभार्थी’ आणि देखभाल करणाऱ्यासाठी ‘शुभंकर’ हे शब्द येथे वापरले जातात. मानसिक आजारांच्या स्वमदत गटांत रुजलेले हे शब्द या मंडळाने आपलेसे केले. शब्दाच्या या बदलाला केवळ सौजन्य मानणे चूक ठरेल. देखभाल करणारी पत्नी, सून किंवा मुलगा यांना स्वतंत्र नाव मिळाले, म्हणजे त्यांचा थकवाही सभेत बोलण्याचा विषय झाला. एरवी मराठी कुटुंबात तो कर्तव्याच्या आड दडून राहतो. पुण्यातच नर्तक हृषीकेश पवार यांनी या आजाराच्या व्यक्तींसाठी नृत्यवर्ग चालविले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ पासून असाच प्रयोग केला होता.

अशा सभांत जे ज्ञान साठते, ते पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते. पायजम्याच्या नाडीऐवजी इलॅस्टिक लावावे. कप अर्धाच भरावा. न्हाणीघरात हाताच्या उंचीवर दांडी बसवावी. उकिडवे बसण्याच्या संडासाऐवजी कमोड करून घ्यावा. वरण किंवा दूध घेण्याच्या बऱ्याच आधी गोळी घ्यावी. उंबऱ्याशी पाय थबकला तर ओढू नये. ‘एक-दोन’ मोजावे किंवा जमिनीवर आखलेली पट्टी ओलांडायला सांगावी. अक्षर बारीक होत गेल्याने बँकेतली सही जुळत नाही, निवृत्तिवेतन अडते. तेव्हा आधीच संयुक्त खाते उघडून ठेवावे, हा सल्लाही अशाच बैठकीत मिळतो. चेहऱ्यावरचे भाव हरपल्याने रुग्ण रागावला आहे किंवा त्याला काही समजत नाही, असा नातेवाइकांचा ग्रह होतो. समान स्थितीतील दुसरे कुटुंब भेटल्यावर तो दूर होतो. यात कोणतेही गूढ नाही, पण ते सांगणारा माणूस जवळ असावा लागतो.

कायदा आणि अंतर :

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने मान्य दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि पार्किन्सनचा त्यात स्पष्ट समावेश झाला. मात्र बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. ज्याची अवस्था गोळीच्या वेळेनुसार तासागणिक पालटते, त्याची टक्केवारी नेमकी कोणत्या तासाला मोजावयाची, हा प्रश्न तपासणीच्या टेबलाशी प्रत्यक्ष उभा राहतो. गोळीच्या अमलाखाली चालत आलेला माणूस धडधाकट भासतो. येथेही, सोबत कोणी जावे आणि कोणते कागद न्यावेत, हे आधी त्या वाटेने गेलेलाच सांगू शकतो.

चेतातज्ज्ञ प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहेत आणि स्वमदत गटही प्रथम तेथेच उभे राहिले. तालुक्याच्या गावी कंपवाताला अद्याप म्हातारपणाची खूण समजले जाते आणि निदानाला वर्षे लागतात. २०२० च्या करोनाकाळात सभा बंद पडल्या तेव्हा गटांनी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर बैठका सुरू केल्या. सभागृहापर्यंत कधीच न पोहोचू शकणारे परगावचे शुभार्थी आणि परदेशी असलेली त्यांची मुले अशा बैठकांत एकत्र येऊ शकली. घरभेट मात्र पडद्यावर होत नाही. न्हाणीघराची दांडी कोठे बसवावी, हे त्या घरात उभे राहूनच ठरवावे लागते. जिल्ह्याच्या ठिकाणी आशा कार्यकर्ती किंवा परिचारिका यांना या एका आजाराचे प्रशिक्षण दिल्यास कॉर्नवॉलमध्ये १९८९ साली जे घडले, त्याची सुरुवात येथेही होऊ शकेल.