नैनीताल

नैनीताल : उत्तराखंड राज्याच्या कुमाऊँ भागातील गिरिस्थान व जिल्ह्याचे ठिकाण. समुद्रसपाटीपासून सु. १,९४० मी. उंचीवर, नैनी तलावाभोवती वसलेले. ब्रिटिश काळात ही वायव्य प्रांताची उन्हाळी राजधानी होती. राज्याचे उच्च न्यायालय २००० पासून येथे आहे. शिकारी व लेखक जिम कॉर्बेट यांचा जन्म येथलाच (१८७५).

तलावाच्या उत्तरेकडील वस्ती मल्लीताल, दक्षिणेकडील तल्लीताल. १८ सप्टेंबर १८८० रोजी अतिवृष्टीने मल्लीतालच्या बाजूचा डोंगर कोसळून १५१ माणसे दगावली आणि नैनादेवीचे मंदिर गाडले गेले; आजचे मंदिर त्यानंतरचे आहे. याच दरडीच्या मलब्याने तेथील मैदान, म्हणजे आजचे ‘फ्लॅट्स’, विस्तारले. पुढे उतारांवर दगडी नाल्यांचे जाळे बांधले गेले. गावाचा जीव आजही या नाल्यांवर अवलंबून आहे. त्यांत कचरा टाकला, की तो थेट तलावात, म्हणजे गावाच्या पिण्याच्या पाण्यात उतरतो. तलावात प्राणवायू कमी पडू लागल्याने २००७ पासून तळाशी नळ्यांतून हवा सोडली जाते. होडीतून जाताना पाण्यावर फुटणारे बुडबुड्यांचे पुंजके दिसतात, ते याचेच.

काठगोदाम रेल्वे स्थानकापासून अंतर सु. ३५ किमी. दोन-तीन दिवसांच्या सहलीत नौकाविहार, नैना शिखर (२,६१५ मी.) आणि जवळचे भीमताल सहज होते. पावसाळ्यात दरडी कोसळतात, मे-जूनमध्ये वाहनांची कोंडी होते. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबर हाच उत्तम काळ.