मिसेस बीच यांची सिंफनी

मैत्रिणींनो, सिंफनी म्हणजे साठ-सत्तर वादकांनी मिळून वाजवायची मोठी रचना. तिचे बहुधा चार भाग असतात. आम्ही पहिल्यांदा ऐकली तेव्हा पहिला भाग थांबताच टाळ्या वाजवून मोकळ्या झालो होतो!

आज अमेरिकेतल्या एमी बीच यांच्या सिंफनीबद्दल बोलू. १८८५ साली, १८ व्या वर्षी त्यांचं लग्न बॉस्टनच्या एका डॉक्टरांशी झालं. नवरा २४ वर्षांनी मोठा. पियानोचे जाहीर कार्यक्रम मोजकेच करायचे, पैसे दानधर्माला द्यायचे, असं ठरलं. रचना करायला ना नव्हती, पण शिकवायला गुरू नको. मग बाई पुस्तकं वाचून शिकल्या. आपल्या गटातल्या कितीजणी हिशेब असाच शिकल्यात!

३० ऑक्टोबर १८९६ रोजी बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्रानं त्यांची 'गेलिक' सिंफनी वाजवली. पहिला भाग खवळलेल्या समुद्राचा, त्यांच्याच एका गाण्यावरून घेतलेला. दुसऱ्यात ओबो, म्हणजे सनईच्या जातीचं वाद्य, आयरिश लोकगीताची चाल हळुवार वाजवतं. मग तीच चाल धावत सुटते आणि पुन्हा निवते. तिसरा भाग संथ, त्यात एकट्या व्हायोलिनचे सूर येतात. आम्हाला हाच सगळ्यात भावला. चौथ्यात पहिल्या भागातले सूर परततात, शेवट दणक्यात.

चॅडविक या संगीतकारांनी पत्रातून कौतुक केलं, की आता तुम्ही आम्हा पोरांमधल्याच एक. रचनेवर नाव मात्र छापलं 'मिसेस एच. एच. ए. बीच'. आद्याक्षरं सगळी नवऱ्याची.

१९१० साली नवरा वारला. पुढच्याच वर्षी बाई युरोपला गेल्या आणि पुन्हा पियानोवर बसल्या.