अंबर : समुद्राने दिलेला सुगंध

मराठीत ‘अंबर’ या एकाच शब्दाला तीन अर्थ आहेत. आकाश व वस्त्र हे दोन संस्कृतातून आलेले. तिसरा अरबी भाषेतून, समुद्रमार्गे आलेला. अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभार ज्याने सांभाळला, त्या मलिक अंबराचे (मृत्यू १६२६) नाव या तिसऱ्या अर्थाचे. हबशी गुलामांस कापूर, अंबर अशा मोलाच्या सुगंधी जिनसांची नावे देण्याची त्या काळी चाल होती. माणूस विकत घ्यावयाचा आणि त्यास दुसऱ्या विकाऊ वस्तूचे नाव द्यावयाचे!

ही वस्तू येते कोठून, हे कोडे शतकानुशतके सुटले नव्हते. ‘रसरत्नसमुच्चय’ या जुन्या रसग्रंथात ‘अग्निजार’ नावाचे एक द्रव्य सांगितले आहे. अग्निनक्र नामक जलचराची वार समुद्राने बाहेर टाकली व ती उन्हाने वाळली म्हणजे अग्निजार होतो, असे ग्रंथकार म्हणतो. हा अग्निजार म्हणजेच अंबर, असे अनेक विद्वानांस वाटते. अकबराच्या दरबारातील अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त अंबराविषयीची नाना मते नोंदविली आहेत. कोणी त्यास समुद्राचा फेस म्हणे, कोणी समुद्रातील गाईचे शेण, तर कोणी डिंक. स्वतः अबुल फजलने ते एक प्रकारचे मेण असल्याचे मत स्वीकारले. तो चुकला, परंतु रसग्रंथकार जलचर, समुद्र व ऊन ही तिन्ही नावे घेऊन सत्याच्या पुष्कळच जवळ पोहोचला होता.

खरा उलगडा असा. अरबी समुद्रात वावरणारा स्पर्म व्हेल हा देवमासा माकुलांवर जगतो. माकुलाची कठीण चोच पचत नाही. अशा चोची क्वचित आतड्यात अडकून राहिल्या, म्हणजे त्यांच्याभोवती मेणासारखा पदार्थ साचतो. १७८३ साली श्वेडियावर या वैद्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात अंबरात सापडणाऱ्या चोचींवरून हा संबंध दाखविला. वर्तमानपत्रांत यास ‘देवमाशाची उलटी’ म्हणतात, ते बहुधा चुकीचे आहे. हा गोळा मलमार्गाने किंवा देवमासा मेल्यावर बाहेर पडतो, असे शास्त्रज्ञ मानतात.

ताजा अंबर काळा, मऊ व दुर्गंधी असतो. त्यातील मुख्य द्रव्य, अंब्रीन, यास स्वतःचा वास नाही. खारे पाणी, हवा व ऊन यांत वर्षानुवर्षे तरंगताना हे द्रव्य विघटित होऊन त्यातून सुगंधी द्रव्ये निर्माण होतात, आणि गोळा राखी होत जातो. दुर्गंधीचा सुगंध करण्याचे हे काम समुद्र अतिशय सावकाश करितो.

अंगावर लावल्यावर मात्र तेवढीच वाट काही घटकांत चालून जावी, असे होते. अत्तराचे बूड आपल्याकडे परंपरेने चंदनाच्या तेलाचे. त्यात अंबर मुरवून मनगटावर लावले, तर प्रथम ओल्या शेवाळाचा, ओहोटीच्या खडकांचा खारट वास येतो. देवबागला कर्लीच्या मुखाशी ओढून ठेवलेल्या होडीच्या ओलसर फळीजवळ येतो, तसाच. कातडीच्या उबेने हलके कण आधी उडून जातात. मग चंदनाचे लाकूड पुढे येते, आणि होडी उन्हात वाळावी तसा वास कोरडा, उबदार, किंचित गोड होतो. जड कण सर्वांत शेवटी उडतात. अंबर इतर सुगंधांसही धरून ठेवतो. गंध्यांस त्याचे मोल अधिक या गुणासाठी. प्रत्येकाची कातडी निराळी, म्हणून हा क्रम सर्वांस सारख्या वेगाने अनुभवास येत नाही.

सुगंध सिद्ध करण्याची ही विद्या केवळ दरबारी फारसीतच लिहिली गेली, असे नव्हे. ‘गंधवाद’ या ग्रंथावर जुनी मराठी टीका आहे. मूळचे देवरुखचे संशोधक परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४५ साली तिचे चिकित्सक विवेचन प्रसिद्ध केले.

अंब्रीनची रचना रुझिचका व लार्डन यांनी १९४६ साली उलगडली. १९५० साली स्टोल व हिंडर यांनी अंबराच्या वासाचे मुख्य द्रव्य क्लॅरी सेज या वनस्पतीपासून मिळणाऱ्या पदार्थातून तयार केले. तेव्हापासून बाजारातील लाकडी-समुद्री वासाच्या बहुतेक तेलांस देवमाशाची गरज उरली नाही. तरीही खऱ्या अंबराचा लोभ सुटलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा देवमासा संरक्षित आहे, आणि त्याचा अंबर बाळगणे वा विकणे हा गुन्हा ठरतो. कोकणपट्टीत अंबर विकू पाहणारे पकडले गेल्याच्या बातम्या अलीकडच्या वर्षांत अनेकदा आल्या. त्यांतील कित्येक गोळे तर परीक्षेत अंबर म्हणून टिकतही नाहीत.

ज्या वस्तूसाठी एके काळी राजांचे गंधशाळाधिकारी द्रव्य मोजीत, ती उद्या तारकर्लीच्या पुळणीवर रापण ओढणाऱ्या एखाद्या गाबताच्या पायाशी आली, तर त्याने ती वनखात्याच्या स्वाधीन करावयाची. मोल त्याच्या पदरी पडावयाचे नाही. हाताला लागलेला वास मात्र दुसऱ्या दिवशी जाळी आवरतानाही बोटांवर राहील.