रक्तदाबाचे दोन आंकडे

वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आंजी (मोठी) हें गांव लागतें. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचें कस्तुरबा ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र येथेंच आहे. दंडाला पट्टा बांधून रक्ताचा दाब पाहणें या गांवास आतां नवें नाहीं. परंतु कागदावर मिळालेल्या दोन आंकड्यांचा अर्थ कितीजण विचारून घेतात, याची आम्हांस शंका आहे.

दाब मोजणारें पाऱ्याचें सोपें यंत्र इटलीच्या रिव्हा-रोची यांनीं १८९६ मध्यें सिद्ध केलें. धमनीचा ध्वनि कानानें ऐकण्याची जोड रशियन शस्त्रवैद्य कोरोत्कोव्ह यांनीं १९०५ मध्यें दिली. पट्टा सैल करतांना पहिला ठोका ऐकूं येतो तो वरचा आंकडा, म्हणजे हृदय आकुंचन पावतांनाचा दाब; ठोके नाहींसे होतात तो खालचा, हृदय विसावतांनाचा.

वर्ध्यास या आंकड्यांची धास्ती फार पूर्वींच कळली. १९३५ च्या डिसेंबरांत येथें असतांना गांधीजींचा रक्तदाब वाढला व त्यांस कित्येक आठवडे विश्रांति घ्यावी लागली. त्यांच्या पुढील नोंदी प्रसिद्ध आहेत: २६ ऑक्टोबर १९३७ रोजीं १९४ व १३०, १९ फेब्रुवारी १९४० रोजीं २२० व ११०. आज १४० व ९० पासूनच वैद्य सावध होतात! त्या काळीं विश्रांति व पथ्य यांपलीकडे वैद्यांच्या हातीं फारसें कांहीं नव्हतें. किंबहुना, कठीण झालेल्या धमन्यांतून रक्त पुढें ढकलण्यास हा दाब आवश्यकच आहे, असें पश्चिमेकडील कित्येक नामांकित वैद्य मानीत. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजीं मेंदूंतील रक्तस्रावानें गेले, तेव्हां त्यांचा दाब ३०० व १९० भरला होता.

आपल्या वैद्यांस पूर्वापार ठाऊक असलेल्या सर्पगंधेचा या विकारांतील उपयोग मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं १९४९ मध्यें इंग्लंडांतील एका हृदयविषयक नियतकालिकांत मांडला. त्यानंतर जगाचें लक्ष तिच्याकडे वेधलें. पुढें अधिक चांगलीं औषधें आलीं.

एका आंकड्यानें मात्र घाबरूं नये. पांच मिनिटें स्वस्थ बसून, हात हृदयाच्या पातळींत ठेवून, न बोलतां, निरनिराळ्या दिवशीं दाब पाहावा. खरी अडचण निराळीच आहे. हा विकार बहुधा दुखत नाहीं. कपाशीच्या शेतांत दिवसभर राबणाऱ्यास तो जाणवत नाहीं, आणि बरें वाटतें म्हणून गोळी बंद होते. मेंदू, हृदय व मूत्रपिंडें यांचें नुकसान मात्र चालूच राहतें.

पाऱ्याचीं यंत्रें आतां मागें पडत आहेत, कारण पारा विषारी. तरी विजेच्या यंत्रावर उमटणारा आंकडा अद्याप पाऱ्याच्या मिलिमीटरांतच वाचला जातो.