हिमलोटांचें दप्तर

जेथें कागद नाहीं तेथें इतिहास नाहीं, अशी आपल्याकडील कित्येक अभ्यासकांची समजूत दिसते. मग जेथें लेखणी उशिरां पोहोंचली, तेथील भूतकाळ मुका समजून सोडून द्यावयाचा काय? पश्चिम हिमालयांतील हिमलोटांचा इतिहास पाहतां तसें म्हणवत नाहीं.

उतारावर सांचलेलें हिम एकाएकीं सुटून दरींत कोसळतें, तो हिमलोट. त्याची लेखी नोंद जेथें मिळते तेथेंही ती एकांगीच असते. १९५०–५१ च्या हिवाळ्यांत स्वित्झर्लंडांत हिमलोटांखालीं ९८ माणसें दगावलीं. तें सर्वांनीं लिहून ठेवलें. पण निर्मनुष्य दरींत कोसळलेल्या लोटाला बखरकार कोठून मिळणार?

अशा जागीं साक्षीस उभा असतो तो दरीच्या कडेचा वृक्ष. थंड प्रदेशांतील झाड दरवर्षीं एक वलय वाढवितें. आरंभीं फिकट व सैल, अखेरीस गडद व घट्ट. अमेरिकन ज्योतिषी ए. ई. डग्लस हा सूर्यावरील डागांचें चक्र शोधण्यासाठीं हीं वलयें मोजूं लागला, आणि १९२९ मध्यें त्यानें नैऋत्य अमेरिकेंतील ओसाड वस्त्यांचीं वर्षें त्यांच्या तुळयांवरून ठरविलीं. एका झाडाच्या रुंद-अरुंद वलयांचा क्रम दुसऱ्याच्या क्रमाशीं ताडून पाहावयाचा, ही त्याची पद्धति. एखाद्या सालीं झाडानें वलय धरलेंच नसेल, तर तेंही येथें उघडकीस येतें.

लोटाच्या तडाख्यांतून वांचलेलें झाड पुष्कळ कांहीं सांगतें. साल सोलली गेली असेल तेथें पुढील वर्षांचें काष्ठ कडेनें चढून जखम झांकूं लागतें. खोड कललें असेल तर देवदारासारखें सूचिपर्णी झाड उताराच्या बाजूस जाड, तांबूस काष्ठ भरून स्वतःस सरळ करूं पाहतें. शेंडा तुटला तर कांहीं वर्षें वलयें अरुंद होतात. कित्येक जातींत घावाभोंवतीं राळेच्या सूक्ष्म नलिकांची एक ओळच उमटते. ती वलयाच्या अगदीं आरंभीं असेल, तर घाव झाड निजलेलें असतांना, म्हणजे हिवाळ्यांत पडला. मध्यें असेल, तर उन्हाळ्यांतील दरडीचा संशय घ्यावा. वर्षाबरोबर ऋतूही सांगणारा साक्षीदार आमच्या बखरकारांत विरळाच! शिवाय त्यासाठीं झाड तोडावेंच लागतें असें नाहीं. पोकळ गिरमिटानें पेन्सिलीहून बारीक काडी काढून घेतली कीं पुष्कळदां काम भागतें.

तथापि एकाच झाडाच्या साक्षीवर निकाल देणें धोक्याचें. वाऱ्यानेंही शेंडा मोडतो, अस्वलही साल ओरबाडतें. म्हणून त्या वर्षीं उभ्या असलेल्या झाडांपैकीं किती झाडांवर घाव उमटला, तें प्रमाण पाहतात. नुसती संख्या मोजून भागत नाहीं. शंभर वर्षांपूर्वींचीं झाडें आज थोडींच उरलेलीं, आणि दरोडेखोरानें जातां जातां दप्तर जाळावें तसा मोठा लोट आपल्या पूर्वीच्या लोटांचे साक्षीदारही घेऊन जातो. हें ध्यानीं न घेतल्यास अलीकडेच लोट फार वाढले असा भास व्हावयाचा.

ही छाननी करून युआन अंतोनियो बायेस्तेरोस-कानोव्हास, मार्कुस स्टॉफेल आदि संशोधकांनीं हिमाचल प्रदेशांतील झाडांवरून सुमारें दीडशें वर्षांचा वृत्तांत जुळविला व २०१८ मध्यें प्रसिद्ध केला. त्यांत अलीकडील दशकांतील लोट खरोखरच वाढलेले आणि अधिक दूरवर पोहोंचलेले दिसले. हिवाळा सरतां सरतां हवा अधिक तापूं लागली, हिम ओलें व जड होऊन सुटूं लागलें, असें कारण ते देतात. ऊब वाढली कीं हिम कमी आणि हिम कमी कीं लोट कमी, हा सरळ दिसणारा तर्क येथें फसला.

त्याच प्रांतांत २०२० सालीं रोहतांगखालील नऊ किलोमीटरांचा बोगदा वाहतुकीस खुला झाला, आणि हिवाळ्यांत पूर्वीं तुटून राहणाऱ्या लाहौलकडे वाहनें जाऊं लागलीं. रस्त्यामागून वस्ती येते. घरासाठीं जागा निवडतांना वडीलधाऱ्यांना विचारावें, तर त्यांची आठवण दोन-तीन पिढ्यांपलीकडे क्वचितच जाते. लोट मात्र अर्धें शतक न फिरकतां पुन्हां जुन्या वाटेनें उतरूं शकतो. ती वाट कडेच्या घायाळ झाडांत नोंदलेली असते. रस्त्यासाठीं अशीं झाडें तोडावींच लागलीं, तर त्यांच्या बुंध्यांच्या चकत्या, तोडीची तारीख व जागा वर लिहून, वनखात्यानें जपून ठेवाव्या.