विदर्भातील बालप्रतिभा आणि बुद्धिबळाचा पट : दिव्या देशमुखच्या आरंभीच्या कारकिर्दीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

२८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बाटुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पी यांचा पराभव करून महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला आणि त्याच क्षणी ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर ठरली. त्यावेळी तिचे वय १९ वर्षांचे होते. या यशाचे वर्णन करताना ‘चमत्कार’, ‘दैवी देणगी’ यांसारखे शब्द सर्रास वापरले गेले. कौतुकाच्या प्रसंगी ते स्वाभाविक असले, तरी इतिहासाच्या अभ्यासकाला तेवढ्यावर थांबता येत नाही. चमत्काराला कारणे नसतात. इतिहासाला मात्र कारणे शोधावी लागतात.

बालप्रतिभा ही व्यक्तीच्या ठायी असते हे खरे, परंतु ती फळास येण्यासाठी काही दारे योग्य वेळी उघडी असावी लागतात. घराजवळची शिकवणी, वयोगटाच्या स्पर्धा, कुटुंबाचा वेळ व पैसा आणि मुलीने बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांशी खेळण्याचा मान्य झालेला हक्क, ही ती दारे होत. यांपैकी काही दिव्याच्या जन्मापूर्वीच इतरांनी झगडून उघडली होती. या दृष्टीने तिच्या आरंभीच्या कारकिर्दीचा मागोवा घेणे आणि सेलूसारख्या तालुक्याच्या गावाच्या संदर्भात तिचा अर्थ तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रातील महिला बुद्धिबळ

महाराष्ट्रात बुद्धिबळाला संस्थात्मक रूप देणाऱ्या केंद्रांत सांगलीचे स्थान महत्त्वाचे आहे. भाऊसाहेब पडसलगीकर यांनी १९४१ मध्ये तेथे नूतन बुद्धिबळ मंडळाची स्थापना केली. वाड्यातील व ओसरीवरील फावल्या वेळचा खेळ नियमित सराव आणि स्पर्धा यांच्या शिस्तीत आणण्याचे कार्य अशा मंडळांनी केले. भाग्यश्री साठे-ठिपसे आणि स्वाती घाटे या नामवंत खेळाडू सांगलीच्याच.

भारतातील महिलांची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९७४ मध्ये बंगळूर येथे झाली आणि ती मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली. त्यानंतरच्या सुमारे दशकभर या स्पर्धेवर वासंती, जयश्री व रोहिणी या तीन खाडिलकर भगिनींचे वर्चस्व राहिले. त्यांपैकी सर्वांत धाकट्या रोहिणी यांनी १९७६ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत भाग घेतला. त्यावरून मोठा वाद निर्माण झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेरीस जागतिक बुद्धिबळ महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष मॅक्स युवे यांनी, महिलांना राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांपासून वंचित ठेवता येणार नाही, असा निर्णय दिला. पुढे १९८१ मध्ये रोहिणी खाडिलकर आशियाई महिला विजेत्या झाल्या.

या घटनेचे महत्त्व एका स्पर्धेपुरते मर्यादित नाही. बुद्धिबळात खेळाडूची वाढ त्याला लाभणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांच्या ताकदीवर अवलंबून असते. बलाढ्य प्रतिस्पर्धीच नाकारला, तर बुद्धी कितीही तल्लख असली तरी ती एका उंचीवर अडून राहते. तेरा वर्षांच्या मुलीने पुरुषांच्या पटावर बसण्याचा आग्रह धरला, तो म्हणूनच केवळ मानाचा प्रश्न नव्हता. १९७६ मध्ये मान्य झालेला हा हक्क पुढील पिढ्यांतील मुलींना जन्मतःच मिळाला. भाग्यश्री ठिपसे, अनुपमा गोखले आणि २००९ मध्ये अर्जेंटिनात कनिष्ठ गटाचे मुलींचे जगज्जेतेपद मिळवणाऱ्या पुण्याच्या सौम्या स्वामिनाथन, अशी ही परंपरा दिव्यापर्यंत येऊन पोहोचते.

बालपण आणि आरंभीची जडणघडण

दिव्याचा जन्म ९ डिसेंबर २००५ रोजी नागपूर येथे झाला. आईवडील दोघेही डॉक्टर. वयाच्या पाचव्या वर्षी तिने बुद्धिबळ शिकण्यास प्रारंभ केला. तिच्या आरंभीच्या प्रशिक्षकांत नागपूरचे राहुल जोशी यांचा उल्लेख करावा लागतो. २०२० मध्ये त्यांचे अकाली निधन झाले आणि शिष्येचे पुढील यश पाहणे त्यांच्या वाट्याला आले नाही. गावातील पहिल्या गुरूचे नाव मोठ्या यशाच्या वृत्तांतात सहसा मागे पडते. वास्तविक मोहरी कशी चालतात येथपासून स्पर्धेत डाव कसा सांभाळावा येथपर्यंतची वाट त्यानेच दाखविलेली असते.

२०१२ मध्ये दिव्याने सात वर्षांखालील मुलींचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. २०१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे दहा वर्षांखालील, तर २०१७ मध्ये ब्राझीलमध्ये बारा वर्षांखालील मुलींच्या गटात ती जगज्जेती झाली. म्हणजे सातवी-आठवीच्या वर्गात पोहोचण्यापूर्वी तिच्या नावावर दोन जागतिक अजिंक्यपदे होती.

या क्रमात दोन बाबी लक्षणीय आहेत. एक, वयोगटाच्या स्पर्धांची शिडी तिच्यासाठी तयार होती. विश्वनाथन आनंद १९८८ मध्ये भारताचे पहिले ग्रँडमास्टर झाले, त्यानंतर देशात या खेळाचा प्रसार वेगाने झाला आणि अगदी लहान वयाच्या मुलामुलींनाही राष्ट्रीय स्पर्धा उपलब्ध झाल्या. दुसरी बाब कौटुंबिक आहे. डर्बन किंवा ब्राझीलला सात-आठ वर्षांचे मूल एकटे जात नाही. त्याच्यासोबत कोणीतरी जावे लागते, त्या व्यक्तीला आपले काम बाजूला ठेवावे लागते आणि खर्चाची तजवीज करावी लागते. दिव्याच्या आईने हा भार दीर्घकाळ वाहिला. क्रीडा-इतिहासात पदकांची नोंद होते, या श्रमांची होत नाही.

किताबांची चढण

बुद्धिबळातील किताबांची रचना येथे थोडक्यात समजून घेणे आवश्यक आहे. महिला ग्रँडमास्टर या किताबासाठी २३०० गुणांचे रेटिंग लागते, तर ग्रँडमास्टर या सर्वोच्च किताबासाठी २५०० गुणांचे. याशिवाय ‘नॉर्म’ म्हणजे विशिष्ट दर्जाची कामगिरी सामान्यतः तीन वेळा करून दाखवावी लागते. ग्रँडमास्टर नॉर्मसाठी साधारणतः नऊ डावांच्या स्पर्धेत २६०० गुणांच्या पातळीचा खेळ अपेक्षित असतो आणि प्रतिस्पर्ध्यांत पुरेसे ग्रँडमास्टर तसेच परदेशी खेळाडू असावे लागतात. साहजिकच अशा स्पर्धांच्या शोधात भारतीय खेळाडूंना वारंवार परदेशी जावे लागते. ही चढण बुद्धीची आहे, तितकीच साधनांचीही आहे.

दिव्या २०२१ मध्ये महिला ग्रँडमास्टर आणि २०२३ मध्ये इंटरनॅशनल मास्टर झाली. २०२२ मध्ये तिने महिलांचे राष्ट्रीय अजिंक्यपद पटकाविले. २०२३ मध्ये अल्माटी येथे ती आशियाई विजेती ठरली, तसेच कोलकाता येथील टाटा स्टील स्पर्धेत महिलांच्या जलद प्रकारात तिने अव्वल खेळाडूंना मागे टाकले. जून २०२४ मध्ये गांधीनगर येथे ११ पैकी १० गुण मिळवून ती कनिष्ठ गटाची जगज्जेती झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये भारतीय महिला संघाने प्रथमच सुवर्णपदक जिंकले. त्यात तिसऱ्या पटावर ११ पैकी ९.५ गुण मिळवून दिव्याने वैयक्तिक सुवर्णपदकही मिळविले.

येथे एक तुलना उद्बोधक ठरते. रौनक साधवानी हा नागपूरचाच खेळाडू. त्याचा जन्म २२ डिसेंबर २००५ चा, म्हणजे दिव्यापेक्षा तेरा दिवसांनी लहान. तो २०१९ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला. २०२१ मध्ये नागपूरच्याच संकल्प गुप्ताने हा किताब मिळविला. दिव्याला त्यासाठी २०२५ उजाडावे लागले. केवळ दोन-तीन खेळाडूंच्या उदाहरणांवरून सर्वसाधारण सिद्धान्त मांडणे योग्य नव्हे. प्रत्येकाची वाढ आपापल्या गतीने होते. तथापि मुलींसाठीच्या स्वतंत्र गटांविषयीचा जुना प्रश्न यातून पुन्हा पुढे येतो. स्वतंत्र गटामुळे मुलींना व्यासपीठ, पदके व प्रसिद्धी मिळते, हा लाभ मोठा आहे. परंतु त्याच गटात अधिक काळ गेला, तर बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांशी होणारे डाव कमी होतात. १९७६ चा वाद नेमका याच मुद्द्याभोवती होता.

नियमाने दार उघडले तरी दृष्टी बदलतेच असे नाही. जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधील वाइक आन झे येथील स्पर्धेनंतर दिव्याने जाहीरपणे सांगितले की, प्रेक्षक महिला खेळाडूंच्या खेळाऐवजी त्यांचा पोशाख, केस व बोलण्याची ढब यांचीच चर्चा करतात. त्यावेळी ती अठरा वर्षांची होती. रोहिणी खाडिलकर यांना पटावर बसण्याच्या हक्कासाठी झगडावे लागले. अर्धशतकानंतर दिव्याला पटावरील खेळाकडेच पाहा, असे सांगावे लागले.

बाटुमी : एका टप्प्याची पूर्ती

विश्वचषकात दिव्याला १५ वे मानांकन होते आणि तिचे रेटिंग २४६३ होते. बाद पद्धतीच्या या स्पर्धेत तिने चीनच्या झू जिनेर, भारताच्या द्रोणावल्ली हरिका आणि माजी जगज्जेत्या तान झोंगयी यांना क्रमाने नमविले. अंतिम फेरीत दोन भारतीय महिला समोरासमोर आल्या. हम्पी यांनी २००२ मध्ये ग्रँडमास्टर किताब मिळविला, तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता. पारंपरिक पद्धतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. जलद प्रकारातील पहिला डावही अनिर्णित राहिला. दुसऱ्या डावात काळ्या मोहऱ्यांनी खेळताना दिव्याने विजय मिळविला आणि लढत २.५–१.५ अशी जिंकली.

या विजेतेपदामुळे तिला नॉर्मच्या पायऱ्या न चढता थेट ग्रँडमास्टर किताब मिळाला. तोपर्यंत तिच्याकडे एकही ग्रँडमास्टर नॉर्म नव्हता. हम्पी, हरिका व वैशाली यांच्यानंतर हा सन्मान मिळविणारी ती चौथी भारतीय महिला होय. शिवाय २०२६ च्या महिला कँडिडेट्स स्पर्धेची पात्रताही तिने मिळविली. ऑगस्ट २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने तिचा गौरव करून ३ कोटी रुपयांचे पारितोषिक दिले. हा गौरव सर्वस्वी उचित होता. मात्र शासन व समाज यांचे साहाय्य बहुधा शिखरावर पोहोचल्यानंतर मिळते, पायथ्याशी ते क्वचितच असते, ही बाबही येथे नोंदवावी लागते.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) दिव्या देशमुखचे यश एकाकी नाही. खाडिलकर भगिनींपासून सुरू झालेल्या महाराष्ट्रातील महिला बुद्धिबळाच्या परंपरेत ते उभे आहे.

२) तिच्या जडणघडणीत स्थानिक प्रशिक्षक, वयोगटाच्या स्पर्धा आणि सुशिक्षित, सुस्थित कुटुंबाचे पाठबळ हे तीनही घटक एकाच वेळी उपस्थित होते. यांपैकी एक जरी उणा असता, तर तिच्या प्रतिभेची वाट कितीतरी अधिक खडतर झाली असती.

३) मुलींना समान प्रतिस्पर्धा नियमाने मिळाली असली, तरी समान दृष्टी अद्याप पूर्णतः लाभलेली नाही.

नागपूर-वर्धा मार्गावरील सेलू हे नागपूरपासून सुमारे साठ किलोमीटरवर आहे. बाटुमीच्या मानाने हे अंतर नगण्य होय. परंतु पाच वर्षांच्या मुलीला आठवड्यातून तीन दिवस शिकवणीला नेऊन परत आणावयाचे असेल आणि तिचे आईवडील शेतीवर किंवा मजुरीवर अवलंबून असतील, तर हेच साठ किलोमीटर फार मोठे होतात. अशा गावातून प्रतिभा पुढे आली नाही, तर तिची नोंद कोठेच होत नाही. इतिहास जे घडले त्याची दखल घेतो. जे घडू शकले असते आणि घडले नाही, ते त्याच्या कक्षेबाहेर राहते.

ग्रामीण महाविद्यालयांची जबाबदारी येथे सुरू होते. बुद्धिबळाला मैदान लागत नाही, महाग साहित्य लागत नाही. पट, मोहरी, घड्याळ आणि नियमितपणे शिकविणारी एक व्यक्ती एवढे पुरते. महाविद्यालयाने आपले दालन आठवड्यातून दोन सायंकाळी परिसरातील शाळकरी मुलामुलींसाठी खुले केले आणि मुलींना मुलांच्याच पटावर बसविले, तर त्यातून ग्रँडमास्टर घडेलच असे नाही. परंतु दिव्याला वयाच्या पाचव्या वर्षी जे पहिले दार घराजवळ उघडे सापडले, ते येथील एखाद्या मुलीलाही सापडेल. तिच्या यशाचा याहून उचित गौरव दुसरा नाही.