चौरस की वर्ग? ग्रीक भूमितीच्या भाषांतरातील एक पेच

पायथागोरसचा सिद्धांत मराठी शाळेत आपण ‘कर्णाचा वर्ग’ या शब्दांत शिकतो. यूक्लिडच्या ‘एलिमेंट्स’मधील पहिल्या पुस्तकाच्या ४७व्या विधानात मात्र कर्णाचा वर्ग नाही; कर्णावर उभारलेला चौरस आहे. इंग्रजी भाषांतरकाराला ‘स्क्वेअर’ हा एकच शब्द पुरतो, त्यामुळे आकृती आणि संख्या यांतील निवड त्याला टाळता येते. आर्यभटाच्या संस्कृतातील ‘वर्ग’ही असाच दोन्हीकडे चालणारा होता. आधुनिक मराठीत ती सोय उरलेली नाही.

ही निवड वरवर दिसते तितकी किरकोळ नाही. दुसऱ्या पुस्तकाचे चौथे विधान घ्या. रेषा कोठेही छेदली असता संपूर्ण रेषेवरील चौरस हा दोन खंडांवरील चौरस आणि त्या खंडांनी वेढलेला आयत दोनदा, यांच्याबरोबर असतो. आजचा वाचक तत्काळ म्हणेल : (अ + ब)² = अ² + २अब + ब². झॉयथेन यांनी १८८६मध्ये याच दृष्टीने ‘भौमितिक बीजगणिता’ची कल्पना मांडली. ब्रिटिश अर्थखात्यातील अधिकारी टॉमस हीथ यांनी १८९६मध्ये अपोलोनियस आणि १८९७मध्ये आर्किमिडीज थेट आधुनिक चिन्हांत उतरवला. १९०८च्या त्यांच्या यूक्लिडमध्ये संहिता बरीच मूलानुसारी आहे. बीजगणित टीपांत शिरले आहे.

१९७५मध्ये सबेताई उंगुरू यांनी या परंपरेवरच हल्ला चढवला. रेषेला अक्षर देणे आणि तिला राशी मानणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा. व्हान डेर वार्डेन, फ्रॉइडेन्टाल, आंद्रे वेई असे मातब्बर गणितज्ञ त्यांच्यावर तुटून पडले. गणिताचा आशय चिन्हांच्या पलीकडे टिकतो, अशी त्यांची श्रद्धा असावी. साहित्याच्या अभ्यासकाला हा वाद परका वाटू नये. कवितेचा ‘आशय’ वेगळा काढून दाखवणाऱ्यांशी आपले भांडण याच स्वरूपाचे असते.

मला उंगुरूंची बाजू पटते, आणि तिचे कारण सिद्धतेत आहे. यूक्लिड कर्ण काढतो, समांतर रेषा काढतो, आतली आकृती समभुज आहे, काटकोनी आहे, म्हणून चौरस आहे, हे सावकाश सिद्ध करतो. सूत्र लिहिताच हे सारे श्रम निरर्थक, किंबहुना बावळट ठरतात. बीजगणिती भाषांतर वाचकाला निष्कर्ष देते आणि प्रश्न काढून घेते. रीव्हिएल नेत्झ यांनी २००४च्या आर्किमिडीजमध्ये मुळातले अध्याहृत शब्द कोनकंसांत भरले. वाचन अडखळते, पण मूळ वाक्य किती तुटक होते ते दिसते.

म्हणून मराठीत ‘चौरस’च लिहावा. अडचण सातव्या पुस्तकात येते. तेथे समान संख्यांच्या गुणाकाराला यूक्लिड तोच शब्द वापरतो. ‘वर्ग’ लिहिले तर ग्रीक वाचकाला दिसणारे शब्दसाम्य तुटते. मी तेथेही ‘चौरस संख्या’ लिहीन, कानाला खटकली तरी.